आशिया : किनाऱ्यापासून आकाशापर्यंत

बुलढाणा जिल्ह्यात अशनीच्या आघाताने झालेले लोणारचे विवर आहे. त्यामुळे अवकाशातले पाषाण आपल्याला परके नाहीत. त्यांची नावे मात्र परकी वाटतात. त्यांतले एक नाव आपण रोज उच्चारतो. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात ‘६७ आशिया’ हा लघुग्रह फिरतो. नॉर्मन पॉगसन यांनी तो १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रासच्या वेधशाळेतून शोधला. ‘आशिया’ हा शब्द निघाला एजियन समुद्राकाठून. प्राचीन हित्ती लोकांच्या लेखांतल्या ‘अस्सुवा’ या प्रदेशनामाशी अनेक अभ्यासक त्याचे नाते जोडतात. ग्रीकांनी तो समुद्रापलीकडच्या भूमीसाठी वापरला, रोमनांनी आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या एका प्रांताला दिला आणि पुढे त्याने सारा खंड व्यापला.

यावर आक्षेप येईल, की आशिया ही ग्रीक पुराणातली देवताही आहे आणि त्या काळी लघुग्रहांना सहसा देवतांची नावे देत; मग यात आपल्या खंडाचे काय? आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धेच. आशिया खंडातून शोधला गेलेला हा पहिला लघुग्रह, म्हणून हे नाव निवडले गेले. देवतेमुळे रूढीही पाळली गेली आणि मद्रासचे श्रेयही नोंदले गेले. माझ्या मते नावाचे खरे मोल खंडाच्या या दुसऱ्या अर्थात आहे. मराठी लेखनापुरते म्हणाल, तर आज ‘आशिया’ हे नाम आणि ‘आशियाई’ हे विशेषण पक्के रुळले आहे. क्रीडावृत्तांत ‘एशियन’ डोकावते, पण त्याची गरज नाही. लघुग्रहाबद्दल लिहिताना क्रमांकासह ‘६७ आशिया’ असेच लिहावे.