बातम्यांमध्ये फक्त खाण दिसते, पण सुरजागडच्या नावात 'गड' का आहे?

सुरजागड हे नाव आलं की पाठोपाठ लोहखनिज, ट्रक आणि आंदोलन हे शब्द येतात. पण एटापल्ली तालुक्यातल्या या डोंगराच्या नावातच 'गड' आहे. खाण आली या शतकात, 'गड' मात्र त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

गड बांधला कुणी?

चांदा भागातल्या परंपरेनुसार, गोंड राजांच्या आधी इथं माना राजांची सत्ता होती. त्यातल्या कुरुमप्रहोदने वैरागडला किल्ला बांधला, सुरजत बडवाईकने सुरजागडची तटबंदी केली आणि गहिलूने माणिकगड उभारला, असं सांगितलं जातं. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ही माहिती एकोणिसाव्या शतकात नोंदवून ठेवली. त्यामुळे हा लेखी पुराव्याचा इतिहास नाही, पिढ्यानपिढ्या सांगत आलेली आठवण आहे.

याच परंपरेत पुढची गोष्ट येते. कोल भिल्ल नावाच्या बलवान माणसाने विखुरलेल्या गोंडांना एकत्र आणलं, दगडातून लोखंड काढायला शिकवलं आणि माना सत्तेशी लढा दिला. सुमारे २०० वर्षांची माना सत्ता संपली आणि गोंडांचं राज्य आलं. म्हणजे ज्या लोहखनिजामुळे सुरजागड आज चर्चेत आहे, ते लोखंड इथल्या सत्तांतराच्या कथेतही आहेच.

पुढे हा भाग चांद्याच्या गोंड राज्यात आणि अहेरीच्या जमीनदारीत राहिला. १८५८ मध्ये याच जंगलपट्ट्यात बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध लढले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. सुरजागडच्या यात्रेत आजही त्यांचं नाव घेतलं जातं.

डोंगर आणि देव

माडिया गोंड समाजासाठी सुरजागड म्हणजे ठाकूरदेवाचं ठिकाण. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इथं यात्रा भरते. सुरजागड इलाक्यातल्या सुमारे ७० गावांचे लोक जमतात. पूजा होतेच, शिवाय जल, जंगल, जमिनीच्या प्रश्नांवर सभाही होते.

मग वाद कशाचा?

२००७ मध्ये लॉयड्स मेटल्स कंपनीला इथं सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. २०१६ मध्ये खनिज काढायला सुरुवात झाली आणि डिसेंबरमध्ये माओवाद्यांनी डझनावारी वाहनं जाळली. काम थंडावलं, २०२१ पासून पुन्हा वेगाने सुरू झालं. उत्खननाची मर्यादा वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टन करण्याच्या प्रस्तावावर ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोलीत जनसुनावणी झाली आणि २०२३ मध्ये वाढीव क्षमतेला पर्यावरण मंजुरी मिळाली.

एका बाजूला रोजगार आहे. आजवर कामासाठी बाहेर जावं लागणाऱ्या तरुणांना गावाजवळ नोकरी हवी आहे. दुसऱ्या बाजूला ग्रामसभांचा प्रश्न आहे: पेसा (१९९६) आणि वनहक्क कायदा (२००६) गावाला अधिकार देतात, तर देवाच्या डोंगराबद्दल निर्णय कुणी घ्यायचा?

बघायला जाता येईल का?

एटापल्ली आलापल्लीपासून साधारण ३० किलोमीटरवर आहे. तिथून गट्टा रस्त्याने हेडरीकडे गेलं की सुरजागडचा डोंगर दिसतो. पण तो सह्याद्रीतल्या गडासारखा वीकेंड ट्रेक नाही. खाणपट्ट्यात परवानगीशिवाय जाता येत नाही आणि परिसरात पोलिसांचा बंदोबस्त असतो. यात्रेच्या दिवसांत जायचं असेल, तर आधी स्थानिकांशी आणि पोलिसांशी बोला. देवस्थानात फोटो काढण्याआधी तिथल्या लोकांना विचारा.

माना राजांशी जोडलेला डोंगरी किल्ला प्रत्यक्ष चढून बघायचा असेल, तर चंद्रपूर जिल्ह्यातला माणिकगड गाठा. गडचांदूरजवळ, जिवती तालुक्यातल्या जंगलात तो आहे. काळ्या दगडांची तटबंदी आणि दरवाजावर कोरलेला नाग आजही दिसतो. जंगल दाट आहे, त्यामुळे एकटं जाऊ नका आणि अंधार पडायच्या आत खाली उतरा.

गडाची तटबंदी पडली तरी दगड तिथंच राहतात, जागा ओळखता येते. पण खाणीत डोंगरच उतरत जातो. म्हणून सुरजागडची यात्रा, तिथली नावं आणि जुन्या माणसांच्या तोंडच्या गोष्टी आत्ताच नोंदवून ठेवायला हव्यात.