मोजमापातून मुक्तीकडे

दारूबंदीचा इतिहास बहुधा कायद्यांच्या सनावळीने सांगितला जातो. गडचिरोलीचा इतिहास निराळा आहे. १९८६ मध्ये डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तेथे ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. मजुरी गुत्त्यात जाते आणि घरी मारहाण होते, हे गाऱ्हाणे गावांनीच मांडले. संशोधकांनी पाहणी करून त्याचे मोजमाप केले व ते लोकांपुढेच ठेवले. चळवळीला पुरावा मिळाला, पुराव्याला चळवळ. १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. परंतु कायद्याने दुकान बंद होते. चोरटी विक्री उरतेच. म्हणून २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ आरंभिला गेला : गावसंघटना, व्यसनोपचार, शासकीय अंमलबजावणी आणि पुन्हा मोजमाप. संशोधन ग्रामसभेपर्यंत पोहोचले, तरच ते गुत्त्यापर्यंत पोहोचते.