‘क्ष-किरण’ या शब्दातील ‘क्ष’

नंदुरबार असो वा नवापूर, सरकारी रुग्णालयातील एका दारावर ‘क्ष-किरण विभाग’ अशी पाटी असते. दाराबाहेर रांगेत बसलेली माणसे मात्र ‘फोटो काढायला आलो’ असेच सांगतात. दोन्ही शब्दांना आपापला इतिहास आहे आणि त्यांतला एक थोडा फसवा आहे.

८ नोव्हेंबर १८९५. जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या निर्वात नळीतून वीज सोडत होते. तेवढ्यात जवळचा रसायन फासलेला पडदा उजळला. पुठ्ठा भेदून जाणारे हे किरण कोणते, हे त्यांना उमगेना; म्हणून बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर, एक्स, त्यांनी किरणांना दिले. २२ डिसेंबरला पत्नी ॲना बर्था यांच्या हाताची हाडे आणि बोटातील अंगठी काचेच्या पट्टीवर उमटली.

जर्मन भाषेत पुढे ‘राँटगेन-किरण’ हे नाव रूढ झाले. मराठीने मात्र शोधकर्त्याचे नाव घेतले नाही, नुसता एक्सचा उच्चारही घेतला नाही. मराठी शाळेच्या फळ्यावर अज्ञात राशी ‘क्ष’ असते, तेच अक्षर किरणांपुढे लागले. राँटगेन यांच्या मनातले अज्ञान असे शब्दात जसेच्या तसे राहिले. (जुने भारतीय गणिती अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत आणि ‘या’ असे लिहीत. भास्कराचार्यांच्या बीजगणितातही हीच रीत आहे. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा शिलालेख खानदेशातच, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. ती परंपरा शाळेत टिकली असती, तर आज पाटीवर ‘या-किरण विभाग’ असते!)

आता ‘फोटो’. कॅमेऱ्यात वस्तूवरून परतलेला प्रकाश शिरतो. येथे किरण शरीराच्या आरपार जातात आणि पलीकडे सावली पडते. ‘छायाचित्र’ हा मराठी शब्द कॅमेऱ्यापेक्षा या चित्रालाच अधिक शोभतो. किरण जेथे अडतात तेथे फिल्म पांढरी राहते, जेथे सुटतात तेथे काळी होते. फुप्फुसातील हवा काळी, चरबी गडद राखाडी, स्नायू व रक्त राखाडी, हाड पांढरे, धातू सर्वांत शुभ्र. म्हणूनच १८९७-९८च्या तिराह मोहिमेत, वायव्य सरहद्दीवर, लष्करी शल्यविशारद बीव्हर यांना जखमींच्या शरीरातील गोळ्या शोधता आल्या.

किरणांची दिशाही नावात येते. छातीचे चित्र बहुधा ‘पीए’ असते : किरण पाठीतून शिरतात, छातीतून बाहेर पडतात. खाटेवरून उठू न शकणाऱ्याचे ‘एपी’, म्हणजे उलट. त्यात हृदय खऱ्याहून मोठे दिसते. ‘किलोव्होल्ट’ हा आकडा किरणांची भेदकता ठरवतो, ‘मिलिअँपिअर-सेकंद’ त्यांचे प्रमाण.

सावली वाचण्यात चूक झाली तर काय होते, हे कळायला नंदुरबारसारखा जिल्हा नाही. येथील भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. विळ्यासारख्या वाकड्या रक्तपेशी शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये नोंदवल्या. भारतातील पहिली नोंद १९५२ची, निलगिरीतील आदिवासींमधली. देशव्यापी निर्मूलन मोहीम सुरू झाली १ जुलै २०२३ रोजी. योगायोग असा की, धुळ्यातून वेगळा निघालेला नंदुरबार जिल्हाही १ जुलैचाच, १९९८चा.

या पेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात आणि खुब्यातील मांडीच्या हाडाचा गोळा रक्ताविना मरू लागतो. तो पाहण्यासाठी गुडघे बाहेर फाकवून चित्र घेतात. त्या स्थितीला बेडकाच्या पायांचे नाव आहे. गोळ्याच्या पृष्ठभागाखाली चंद्रकोरीसारखी काळी रेघ दिसली, तर हाड आत खचू लागले असे समजतात. पण ती रेघ उशिरा उमटते. मेलेल्या हाडातही चुना तसाच असतो, त्यामुळे किरण पूर्वीइतकेच अडतात आणि सुरुवातीचे चित्र निर्दोष दिसते. अहवालातील ‘दोष आढळला नाही’ या शब्दांचा अर्थ ‘सावलीत दिसेल एवढा बदल नाही’ इतकाच. धडगावच्या डोंगरातून लंगडत आलेल्या सिकलसेलग्रस्त मुलाला तेवढ्या वाक्यावर घरी धाडता येत नाही. एमआरआयमध्ये हा बदल कितीतरी आधी दिसतो.