मुखारोग्य : चांदा-गडचिरोली मुलूख

मुखारोग्य म्हणजे दात, हिरड्या, जीभ, गालांचे अस्तर व जबडा यांचे स्वास्थ्य, आणि या स्वास्थ्याचा शरीराच्या इतर व्यापारांशी असलेला संबंध. प्रस्तुत नोंद जुन्या चांदा जिल्ह्यापुरती, म्हणजे १९८२ साली गडचिरोली विभक्त झाल्यानंतरच्या चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांपुरती मर्यादित असून, तिचा कल बल्लारपूर व वर्धा नदीकाठच्या कोळसापट्ट्याकडे विशेष आहे.

प्राचीन मत : सुश्रुताने मुखरोगांची संख्या ६५ मानली असून तिची विभागणी ओठ ८, दंतमूळ (हिरड्या) १५, दंत ८, जिव्हा ५, तालू ९, कंठ १७ व सर्व मुख ३ अशी केली आहे. या गणतीत दातांच्या जवळजवळ दुप्पट जागा हिरड्यांना मिळावी, हे आजच्या दंतवैद्यासही मान्य होईल. कारण दात किडतो तेव्हा तो ठणकून आपली फिर्याद स्वतःच गुदरतो, हिरडी मात्र वर्षानुवर्षे मुकाट्याने झिजत राहते.

खर्रा : सुपारीची कातरण, तंबाखू व चुना पाण्याच्या हबक्याने ओलावून प्लास्टिकच्या पन्नीत घोटले असता जे मिश्रण तयार होते, त्यास विदर्भाच्या पूर्वभागात खर्रा म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात याच जातीचा पदार्थ मावा या नावाने विकला जातो. बल्लारपूरच्या कोणत्याही पानठेल्यावर सकाळच्या पाळीपूर्वी पन्नीची पुरचुंडी तळहाताखाली रगडण्याचा आवाज चाललेला असतो. सुपारी या अरण्यात पिकत नाही; ती बाहेरून येते, आणि तिच्यापासून होणारा रोग मात्र इथल्या तोंडांत मुक्काम करतो.

खर्रा येथे एवढा का रुजला, याविषयी एकमत नाही. भूमिगत कोळसाखाणीत विडी व काडेपेटी नेण्यास कायद्याने मज्जाव आहे, आणि १९४५ साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद कारखान्यात बांबू-लाकडाच्या गंजीपाशी ठिणगीचे भय असतेच. तेव्हा कामगाराच्या खिशात विडीच्या जागी पन्नी आली असावी, हा तर्क संभवनीय वाटतो. परंतु ज्यांनी खाण दुरूनही पाहिलेली नाही अशा धानाच्या बांधीतील मजुरांत व शाळकरी मुलांतही तो तितकाच पसरलेला असल्यामुळे या तर्कावर सगळा भार टाकता येत नाही. स्त्रियांत हिरड्यांना तंबाखूची नस, म्हणजे तपकीर, घासण्याची चाल आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाप्रमाणे महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू सेवन करीत होते, आणि धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के होते.

तोंड आखडणे : सुपारीतील आरेकोलिन व तांबे यांच्या प्रभावाने गालाच्या अस्तराखाली तंतू साठत जातात, अस्तर पांढुरके व ताठर होते, आणि तोंड हळूहळू मिटत येते. श्वार्ट्झने १९५२ साली पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांत हा विकार वर्णिला; पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी त्यास आजचे रूढ इंग्रजी नाव दिले. आरंभी रोगी एवढेच सांगतो की, भाजी तिखट लागते. घरची माणसे स्वयंपाकाला दोष देतात, तिखट कमी करतात, आणि तपासणी लांबणीवर पडते. परीक्षा सोपी आहे : रोग्याची स्वतःची तीन बोटे, एकावर एक उभी धरलेली, पुढच्या दातांमधून आत जावीत. दोनच जाऊ लागली म्हणजे शीळ घालणे व गाल फुगविणे कठीण होते; एकच जाते तेव्हा भाताचा घास दाबून आत सारावा लागतो आणि आहार पेजेवर येतो. दुखणे तोंडाचे असले तरी पुढे अंगातले रक्त व वजन घटते. अशा मनुष्यावर उद्या अन्य कारणाने शस्त्रक्रिया करण्याचा प्रसंग आला, तर भूल देणाऱ्यास श्वासनलिकेत नळी घालण्याइतकीही वाट सापडत नाही.

खर्रा सोडल्याने रोगाची वाढ मंदावते. आखडलेले तोंड मात्र आपोआप पूर्ववत होत नाही. एर्नाकुलम जिल्ह्यातील रुग्णांवर १७ वर्षे ठेवलेल्या देखरेखीत ७.६ टक्क्यांच्या बाबतीत या विकाराचे कर्करोगात पर्यवसान झाले. मुखाच्या कर्करोगपूर्व अवस्थांची मोठी पाहणी पुणे जिल्ह्यात फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासली होती. एका जिल्ह्यातील लाखभर तोंडे उघडून पाहणे हे काम केवढे, याची कल्पना ज्याने एका बाजाराच्या दिवशी शंभर पाहिली असतील त्यालाच येईल.

मधुमेह व हृदय : मधुमेह आणि हिरड्यांचा जुनाट दाह यांचे नाते दुहेरी आहे, साखर वाढली की हिरड्या लवकर सुटतात, आणि हिरड्यांतील दाह साखरेस आवरू देत नाही. १९९३ साली लो यांनी या दाहास मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटले. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी साखरेचा सरासरी निर्देशांक (एचबीए१सी) सुमारे ०.४ अंकाने उतरतो, असे एकत्रित अभ्यासांवरून दिसते. सदोष झडपांच्या हृदयात तोंडातील जंतू रक्तावाटे जाऊन ठाण मांडतात, हे निर्विवाद. हृदयविकाराचा झटका मात्र हिरड्यांमुळे येतो की दोहोंची कारणे समान आहेत, हा वाद मिटलेला नाही.

कुष्ठरोग : वरच्या जबड्याचे पुढचे हाड झिजून समोरचे दात गळणे हे या रोगाचे एक जुने चिन्ह असून, डेन्मार्कमधील मध्ययुगीन दफनभूमीतल्या सांगाड्यांवर मोलर-क्रिस्टेन्सेन यांनी ते ओळखले. कुष्ठरुग्णांसाठीचे वरोऱ्याचे आनंदवन (१९४९) चंद्रपूर जिल्ह्यात असल्याने येथे निर्देश केला.

दंतक्षय : कारणे व उपचार सर्वत्र सारखेच.

प्रतिबंध : राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असून सुगंधित तंबाखूही पुढे तिच्या कक्षेत आला. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या सहभागाने २०१६ पासून दारू व तंबाखूविरोधी ‘मुक्तिपथ’ अभियान चालू आहे. शासकीय दंत महाविद्यालय मात्र नागपुरास (१९६८), म्हणजे बल्लारपूरहून दीडशेहून अधिक किलोमीटरांवर आहे.

फ्लोराइड : चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात ते अधिक आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम हे मान्य, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेण्याजोगे. बालपणी, कायमचे दात हिरडीखाली घडत असताना, याहून अधिक फ्लोराइडचे पाणी पोटात गेले म्हणजे दातांवर प्रथम खडूसारखे पांढरे व पुढे तपकिरी पट्टे उमटतात. तेच पाणी पुढेही अनेक वर्षे पोटात जात राहिल्यास पाठीचा कणा व सांधे ताठरतात. हातपंप बंद झाला, गाव नळाच्या पाण्यावर आले, तरी त्या पिढीच्या दातांवरील पट्टे तसेच राहतात. एकाच घरातील थोरल्याचे दात डागाळलेले आणि धाकट्याचे शुभ्र दिसले, तर पाणी कोणत्या सुमारास बदलले याचा अदमास दप्तर न चाळताही बांधता येतो.