पाँग नक्की कोणाचा?

घरात एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन दोन्हींचे कंट्रोलर असतील, तर आज ते शेजारी-शेजारी ठेवून बघा. दोन स्टिक, उजव्या अंगठ्याखाली चार बटणं, मागे ट्रिगर. सख्खे भाऊच. मुलं लगेच विचारतील, कोणी कोणाची कॉपी मारली? हा प्रश्न या धंद्याइतकाच जुना आहे, आणि अमेरिकेच्या कोर्टात तो आधी गाजला एका ठिपक्यावरून.

राल्फ बेअर जर्मनीतल्या ज्यू कुटुंबातले. १९३८ साली, सोळाव्या वर्षी, घरच्यांबरोबर पळून अमेरिकेत आले. पुढे न्यू हॅम्पशायरमधल्या सँडर्स असोसिएट्स या लष्करी इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत इंजिनियर झाले. सप्टेंबर १९६६ मध्ये त्यांनी चार पानांचं टिपण लिहिलं: घरच्या टीव्हीवर खेळता आलं तर? त्यातून दोन सहकाऱ्यांबरोबर तयार झाला 'ब्राउन बॉक्स'. पेटंट अर्थातच कंपनीच्या नावावर. नोकरीच्या पहिल्या दिवशी तसल्या कागदावर सही तुमच्यापैकी अनेकांनी केली असेल, मीही केली आहे.

मॅग्नावॉक्सने तो हक्क घेतला आणि १९७२ साली 'ऑडिसी' बाजारात आणला. त्याला आवाज नव्हता, गुणही मोजत नव्हता, आणि मैदान दिसावं म्हणून टीव्हीच्या काचेवर रंगीत प्लास्टिक लावायचं! पण त्यात टेबल टेनिस होतं.

त्याच वर्षी २४ मे रोजी कॅलिफोर्नियात बर्लिंगेमच्या एका हॉटेलात ऑडिसीचं प्रात्यक्षिक झालं. आलेल्या पाहुण्यांच्या वहीत एक सही होती नोलन बुशनेल यांची. महिन्याभरात त्यांनी अटारी कंपनी काढली आणि ॲल अल्कॉर्न या नव्या इंजिनियरला सरावाचं काम म्हणून चेंडू-बॅटचा खेळ करायला सांगितलं. तोच 'पाँग'. अल्कॉर्न यांनी त्यात जीव ओतला. चेंडू बॅटच्या कुठल्या भागाला लागतो त्यावर कोन बदलायचा, वेग वाढत जायचा, 'टक्' असा आवाज यायचा, गुण आपोआप दिसायचे. सनीव्हेलच्या बारमध्ये ठेवलेलं पहिलं यंत्र बंद पडलं म्हणून बघायला गेले, तर नाण्यांचा डबा गच्च भरला होता.

माझ्या मते पाँग हा ऑडिसीपेक्षा सरळसरळ चांगला खेळ होता. पण कोर्टाला चांगलं-वाईट ठरवायचं नव्हतं. पेटंट होतं ते इतकंच: पडद्यावरचा एक ठिपका खेळाडूच्या ठिपक्याला लागला, की यंत्र त्याची दिशा बदलतं. हे घेतलं का? मॅग्नावॉक्सने १९७४ मध्ये शिकागोत दावा लावला, आणि पाहुण्यांची ती वही पुराव्यात आली. १९७६ साली अटारीने तडजोड करून पैसे भरले, लायसन्स घेतलं. बाकीचे लढले, आणि जानेवारी १९७७ मध्ये न्यायाधीश जॉन ग्रेडी यांनी मॅग्नावॉक्सच्या बाजूने निकाल दिला. पुढे मॅटेल, ॲक्टिव्हिजन, निन्टेंडो यांनीही झुंज दिली, पण पेटंट टिकलं.

एमबीएच्या वर्गात आम्ही याला 'फास्ट फॉलोअर' असं साजूक नाव दिलं होतं. क्लायंट तेवढे साजूक नसतात. दुसऱ्याचं ॲप उघडून सांगतात, "अस्संच हवं, फक्त आमच्या रंगात."

आता गंमत बघा. १९८२ साली, शिकागोतच, अटारी फिर्यादी आणि मॅग्नावॉक्सची मालक कंपनी फिलिप्स आरोपीच्या जागी. ऑडिसीच्या पुढच्या यंत्रावरचा 'के. सी. मंचकिन' हा खेळ 'पॅक-मॅन'सारखा दिसत होता. अपील कोर्ट म्हणालं, चक्रव्यूहात ठिपके गिळायची कल्पना कोणाच्या मालकीची नाही. पण ते गिळणारं तोंड आणि त्यामागे लागलेली भुतं फारच जुळतात. खेळ बाजारातून काढावा लागला. पेटंटने यंत्र कसं चालतं ते राखलं होतं, इथे कॉपीराइटने ते कसं दिसतं ते राखलं. घरच्या भांडणात हा फरक उपयोगी पडेल.

आणि खुद्द बेअर? १९७६ साली एका व्यापारी प्रदर्शनात त्यांनी अटारीचा 'टच मी' पाहिला. दिवे ज्या क्रमाने लागतील त्याच क्रमाने बटणं दाबायची. कल्पना आवडली, पण आवाज कर्कश. त्यांनी आणि हॉवर्ड मॉरिसन यांनी चार रंग घेतले, बिगुलचे चार सूर घेतले, म्हणजे कुठल्याही क्रमाने वाजले तरी कानाला गोडच. १९७८ मध्ये मिल्टन ब्रॅडलीने तो 'सायमन' म्हणून विकायला काढला आणि तुफान खपला. गुरूची विद्या गुरूलाच!

मग अटारीनेही हातात मावणारा, चार रंगांचा नवा 'टच मी' काढला. मूळ कल्पना त्यांचीच, पण आता तोच लोकांना सायमनची नक्कल वाटू लागला.