धातुजेल (जंतुरोधक)

धातूचे आयन आणि लहान सेंद्रिय रेणू द्रावणात एकमेकांना धरून तंतूंचे जाळे विणतात. त्यात पाणी अडकले की धातुजेल तयार होते. परीक्षा सोपी: कुपी उलटी केली तरी ते ओघळत नाही.

अशा जेलमधल्या धातूंपैकी जंतू मारण्यात चांदी आघाडीवर. तिचे आयन जिवाणूच्या प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना चिकटतात, पेशीपटलही खिळखिळे करतात. अनेक ठिकाणी एकदम घाव बसल्याने प्रतिकार उभारणे जिवाणूंना जड जाते. मात्र चांदीला दाद न देणारे जिवाणूही आढळले आहेत.

जेलचे खरे बळ संथपणात आहे: जखमेवर लावल्यावर आयन हळूहळू सुटतात, जखम ओलसर राहते.

याचे जुने भावंड म्हणजे भाजलेल्या जखमांवरचे पांढरे, १ टक्का सिल्व्हर सल्फाडायझिन मलम. संशोधक चार्ल्स फॉक्स यांनी ते १९६८ मध्ये मांडले. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.