गलत्याच्या रंध्यापासून राउटरच्या बिटापर्यंत

तिफण, वखर, डवरा आणि दमणी यांच्या घडणीविषयी आपल्या सुतार समाजात जाणते लोक पुष्कळ बोलतात. परंतु दाराच्या चौकटीला व दिल्याला आपण जी गोलाई काढतो, त्या गलत्याचा इतिहास कोणी सांगितल्याचे माझ्या स्मरणात नाही. तो सांगावयास निमित्त झाले ते गेल्या वर्षी आमच्याच घरी.

माझ्या वडिलांच्या पेटीत गलत्याचे चार रंधे होते. पात्याचा आकार ज्याचा त्याने कानशीने व दगडावर घासून सिद्ध करावयाचा. त्यामुळे एका घरचा गलता दुसऱ्या घरच्यासारखा तंतोतंत नसे. लाकूड मेळघाटचे, परतवाड्याहून आणलेले. सागात वाळूच्या जातीचा अंश असतो व तो धार लवकर मारतो. एका दिवसात पाते किती वेळा दगडावर जाते, हे मी बालपणी एकदा मोजले होते. अकरा वेळा!

फिरत्या पात्याने लाकूड कापण्याची कल्पना मात्र परदेशची. इंग्लंडात सॅम्युएल बेंथम यांनी १७९३ साली लाकूडकामाच्या यंत्रांचे जे पेटंट घेतले, त्यात ती आहे. पुढे तीतून टेबलाच्या मध्यातून वर आलेला उभा दांडा व त्यावर बसविलेले कटर, असे स्पिंडल यंत्र सिद्ध झाले. इकडे वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, १८६७ साली अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत आगगाडी पोहोचली आणि कापसाच्या जिन-प्रेसांबरोबर वाफेची इंजिने व पट्टे आपल्या गावांत आले. स्पिंडल आपल्या कारखान्यांत शिरले ते विजेच्या मोटारीमागून.

राउटर हा धाकटा भाऊ. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतील सिरॅक्यूज गावचे नमुनाकार आर. एल. कार्टर यांनी हाती धरावयाचा राउटर प्रचारात आणला. त्याचे बिट लहान, पण मिनिटास वीस हजारांच्या घरात फेरे घेणारे. स्पिंडलचे कटर मोठे; त्याचे फेरे बहुधा तीन ते दहा हजार. येथेच खरी मेख आहे.

अकोल्याच्या माझ्या पुतण्याने स्पिंडलचा दांडा काढून तेथे कोलेट बसविले आणि त्यात अर्ध्या इंचाच्या दांडीचे राउटरचे बिट धरले. कल्पना वाईट नव्हती. बाजारात नक्षीची बिटे स्वस्त मिळतात, मोठी कटरे महाग. परंतु यंत्राची कळ उलट दिशेस होती. बिट पाठीकडून घासू लागले, लाकूड करपले आणि हाताखालची पट्टी सुटून भिंतीवर आदळली. बोटे वाचली, हे आमचे दैव!

मी त्यास गणित मांडून दाखविले. (शिक्षकाची खोड जात नाही.) दोन धारांचे बिट वीस हजार फेऱ्यांत चाळीस हजार वेळा कापते. लाकूड मिनिटास १२० इंच सरकविले, तर इंचास सुमारे ३३३ काप पडतात. स्पिंडल दहा हजारांवर असता तेच काप १६७ होतात, म्हणून पृष्ठभाग खरबरीत येतो. तेव्हा लाकूड निम्म्या गतीने सरकवावे आणि एका दमात खोल न जाता दोन-तीन वेळा थोडे थोडे घ्यावे. बिट वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरावे, लाकूड उजवीकडून डावीकडे जावे. दांडी कोलेटात पुरेशी खोल असावी. याच्या उलट प्रयोग, म्हणजे स्पिंडलचे मोठे कटर राउटरच्या वेगाने फिरविणे, कोणीही कदापि करू नये. चार इंची कटराची कड सात हजार फेऱ्यांतच मिनिटास सुमारे ७,३०० फूट धावते. वीस हजारांत ते फुटून तुकडे उडण्याचेच भय.

पुतण्याने ऐकले, आणि आता त्याचे काम चांगले उतरते. दिवाळीनंतर मात्र अमरावतीच्या परकोटाच्या आतील एका जुन्या घराची चौकट दुरुस्तीस आली. तिच्या गलत्याशी जुळणारे बिट अकोल्याच्या बाजारात मिळेना. शेवटी वडिलांची पेटी उघडली. तिसऱ्या रंध्याचा आकार जवळजवळ जुळला. पाते किंचित घासावे लागले. सात फुटांचे दोन खांब हाताने काढावयास त्यास दोन दिवस लागले, आणि पाते कितीदा दगडावर गेले ते या खेपेस त्याने मोजले.